‘घरी न्या’ म्हटल्यावर पुढे काय?

खर्रा आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आता कुणाला सांगावे लागत नाही. हातावर पोट असलेले कुटुंब उसनवारी करून नागपूर गाठते. कुणी मुंबईच्या टाटा रुग्णालयापर्यंत जाते. आजार फार पुढे गेलेला असला, की एक दिवस डॉक्टर सांगतात, “आता घरी न्या.” आपल्याला वाटते, उपचार संपले. पण रोग बरा होणार नसला तरी वेदना कमी करता येते. तोही उपचारच आहे, आणि त्यावर गरिबाचाही हक्क आहे.

अशा रुग्णांसाठी डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळातील सेवेचे रुग्णालय, सुरू केले. १९७५ मध्ये कॅनडात डॉ. बाल्फर माउंट यांनी माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयातच असा स्वतंत्र वॉर्ड उघडला. वेगळी इमारत नसली तरी हे काम होते, हे त्यातून दिसले. भारतातील पहिले हॉस्पिस, डॉ. एल. जे. डिसोझा यांचे शांती आवेदना सदन, १९८६ साली वांद्र्याला उभे राहिले. तेथे रुग्णसेवा मोफत होते.

अशा वॉर्डात काय करतात? वेदना असह्य होण्याची वाट न पाहता घड्याळ लावून औषध देतात. तीव्र वेदनेवर मॉर्फिनची साधी गोळी साधारणपणे दर चार तासांनी दिली जाते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास व्यसन लागेल ही भीती बाळगू नये. जखम धुतात, तिची दुर्गंधी कमी करतात, घरच्यांना शुश्रूषा शिकवतात. दुखणे आटोक्यात आले की पुष्कळ रुग्ण घरी परततात. म्हणून आई-बापाला तेथे ठेवणे म्हणजे त्यांना टाकून देणे नव्हे. एका खोलीच्या घरात रात्रभर कण्हणाऱ्या माणसाला आणि त्याच्या उशाशी जागणाऱ्या सुनेलाही तो आधार आहे.

केंद्र सरकारने २०१२ मध्ये या सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. २०१४ मध्ये कायदा बदलून रुग्णालयांना मॉर्फिन मिळवणे सोपे केले. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या वॉर्डाला मोठी यंत्रे लागत नाहीत. काही खाटा, प्रशिक्षित परिचारिका, मॉर्फिनचा अखंड पुरवठा आणि नातेवाइकाला बसायला जागा, एवढे हवे.

तेव्हा ‘घरी न्या’ हे शब्द कानी पडले, तर मुकाट्याने उठू नका. “डॉक्टरसाहेब, यांच्या वेदनेवर पॅलिएटिव्ह उपचार कुठे मिळेल?” असे विचारा. आणि आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र खाटा असाव्यात, ही मागणी वस्तीवस्तीतून सह्या करून एकजुटीने पुढे न्या.