कोथिंबीर उचलतो, पण खातोय का? गिनीपिगचं दुखणं ओळखताना

आज आमच्या पिंट्याबद्दल बोलू या. पिंट्या म्हणजे माझा साडेतीन वर्षांचा गिनीपिग.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी त्याला नेहमीसारखं किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवलं. आकडा आला ८७० ग्रॅम. आदल्या रविवारी ९५० होता. मला वाटलं, काट्याचा सेल गेला. कारण पठ्ठ्या अगदी ठणठणीत दिसत होता! फ्रिज उघडला की शिट्ट्या, कोथिंबीर दिसली की धावत जाळीपाशी. आई म्हणाली, "अरे, एवढा ओरडतोय, त्याला काय धाड भरलीये?"

मग मी अर्धा तास खाली बसून नुसता बघत राहिलो. तो काडी उचलायचा, तोंडात दोनदा फिरवायचा आणि टाकून द्यायचा. मग दुसरी उचलायचा. म्हणजे भूक होती, पण चावता येत नव्हतं. हनुवटीखाली बोट लावलं, तर ओलं. लेंड्याही बारीक आणि कमी.

गिनीपिगचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज भागातले. तिथे हा शिकार होणारा प्राणी. आजारी दिसला की पहिला उचलला जाणार, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या अंगातच आहे. केस फुलवून, पाठ गोळा करून कोपऱ्यात बसलेला दिसतो, तोवर बराच उशीर झालेला असतो. काट्याला मात्र त्याला फसवता येत नाही. ३०-४० ग्रॅम इकडेतिकडे होतंच. पण ८० ग्रॅम गेले तर थांबायचं नाही.

पहिल्या दवाखान्यात पुढचे दात बघून "सगळं ठीक आहे" सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी आत उपकरण घालून दाढा बघितल्या. खालच्या दाढा आत वाढून जिभेवर कमानीसारख्या आल्या होत्या. यांचे दात जन्मभर वाढतात आणि वाळलेलं गवत रवंथल्यासारखं घासून चावल्यानेच झिजतात. आणि मी? पॅलेट्सनी वाटी भरायचो, गवत नावाला. चूक माझीच, दुसरं काय. भूल देऊन दाढा घासल्या.

या प्राण्याचं पोट रिकामं राहून चालत नाही. खाणं थांबलं की आतड्यांची हालचाल मंदावते, गॅस धरतो. बारा तास काहीच खाल्लं नसेल, तर "उद्या बघू" नाही, लगेच फोन. डॉक्टरांनी सांगितल्यावर मी पॅलेट्स कोमट पाण्यात भिजवून पातळ पेज करायचो आणि सुई नसलेल्या सिरिंजने तोंडाच्या बाजूने थोडी थोडी भरवायचो. घाई केली तर श्वासनलिकेत जाते. पोट फुगून टणक झालं असेल, तर विचारल्याशिवाय भरवूच नका.

एका मित्राने सुचवलं, "घरातलं अमॉक्सिसिलिन दे की थेंबभर." अजिबात नाही! पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडावाटे दिली, तर यांच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि त्यात जीव जाऊ शकतो.

बाकी खुणा झटपट सांगतो. लघवी करताना किंचाळणं किंवा लघवीत रक्त म्हणजे मुतखड्याची शंका. नाकाला खपली, श्वासाला घरघर असेल, तर त्याच दिवशी दाखवा. चालायला कुरकुर, सांधे सुजलेले असतील, तर व्हिटॅमिन सी कमी पडत असेल. आपल्यासारखंच त्यांनाही ते शरीरात बनवता येत नाही. म्हणून रोज ढोबळी मिरचीचा तुकडा. आणि हो, तोंड धुताना डोळ्यातून दुधासारखा थेंब येतो, तो नॉर्मल असतो. मी त्यासाठी एकदा रात्री अकराला डॉक्टरांना उठवलंय.

आजच एक काम करा. जवळच्या दवाखान्यांना फोन करून विचारा, "गिनीपिग बघता का, आणि मागच्या दाढा तपासता का?" जे हो म्हणतील, त्यांचा नंबर सेव्ह करा.

पिंट्याच्या दाढा परत वाढतात, त्यामुळे आमच्या फेऱ्या चालूच आहेत. आज सकाळी काट्यावर ९२५. शिट्ट्या चालू आहेत, मागे ऐकू येत असतील तुम्हाला.