सुदानच्या वाटणीचा जमाखर्च

सुदानच्या उत्तर-दक्षिण कलहाचा इतिहास लढायांपेक्षा तहांच्या अंगाने वाचावा, असे मला वाटते. कारण लढाईत कोण कोणाचा द्वेष करीत होता एवढेच कळते, पण तहाच्या कलमांत कोणाला काय सोडवत नव्हते, हे उघडे पडते. 1972 पासून आजतागायत या मुलखात जे तह झाले, त्यांच्या मसुद्यांवर विद्वान कायदेपंडितांनी आणि मुत्सद्द्यांनी अपार श्रम घेतले. तरीही एक तह मोडून दुसरा, दुसरा मोडून तिसरा, अशी परंपरा अखंड चालू राहिली. या परंपरेचा मागोवा घेताना असे दिसते की, प्रत्येक वेळी सत्ता आणि संपत्ती यांपैकी एकीची वाटणी झाली आणि दुसरीची किल्ली पूर्वीच्याच धन्याकडे राहिली.

कलहाचे मूळ इंग्रजी अमदानीत आहे. उत्तरेतील अरबी भाषी, मुस्लिम प्रजा आणि दक्षिणेतील डिंका, नुएर, शिल्लुक इत्यादी जमाती यांचा कारभार इंग्रजांनी दीर्घकाळ वेगवेगळ्या रीतीने चालविला, आणि निघण्याची वेळ आली तेव्हा दोहोंना एका राज्यात बांधून दिले. 1953 साली तेथे पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली; ती पार पाडणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी भूषविले होते. निवडणूक पार पडली, पण पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी रिकाम्या केलेल्या सुमारे 800 जागा भरताना दक्षिणेच्या वाट्याला दहासुद्धा आल्या नाहीत. ऑगस्ट 1955 मध्ये तोरित येथे दक्षिणी पलटणीने बंड केले, आणि 1 जानेवारी 1956 रोजी स्वातंत्र्याचा ध्वज उभारला जाण्यापूर्वीच यादवीचा पहिला रक्तपात होऊन गेला होता.

सतरा वर्षांच्या त्या पहिल्या यादवीचा शेवट फेब्रुवारी 1972 मध्ये अदिस अबाबा येथे झाला. राजधानी खार्टूममधील लष्करी सत्ताधीश जाफर निमेरी आणि दक्षिणेचे बंडखोर सेनानी जोसेफ लागू यांच्या पक्षांत झालेल्या या तहाने दक्षिणेला स्वतंत्र विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि बरीच अंतर्गत मुखत्यारी मिळाली. खाणकामाचा विषयही प्रांतिक कक्षेत आला. मात्र नैसर्गिक वायू अथवा खनिजे सापडल्यास त्यांवरील मध्यवर्ती सरकारचा हक्क अबाधित राहील, अशी पुस्ती त्याला जोडलेली होती. पुढे 1978 साली शेव्हरॉन कंपनीला दक्षिणेत बेंतियूच्या परिसरात खनिज तेल सापडले आणि त्या पुस्तीचे मोल सर्वांना कळून चुकले. तेलाचा प्रदेश नकाशात उत्तरेकडे सरकविण्याचा प्रयत्न 1980 साली झाला; ओरड झाली तेव्हा तो सोडून तेथे निराळा प्रांत निर्माण करण्यात आला. शुद्धीकरणाचा कारखाना बेंतियूऐवजी उत्तरेतील कोस्ती येथे काढण्याचे घाटत होते.

तेलाबरोबर पाण्याचाही प्रश्न होता. सुदच्या विस्तीर्ण दलदलीत बाष्प होऊन जाणारे नाईलचे पाणी वळवून उत्तर सुदान आणि इजिप्त यांना देण्यासाठी सुमारे 360 किलोमीटर लांबीच्या जोंगलेई कालव्याचे काम 1978 साली सुरू झाले. दक्षिणेतील गुराख्यांच्या कुरणांचे आणि मासेमारीचे काय होणार, याचा विचार योजनेत दुय्यम होता. जॉन गरांग नावाच्या एका दक्षिणी लष्करी अधिकाऱ्याने अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठात याच प्रदेशाच्या विकासावर 1981 साली डॉक्टरेट मिळविली, आणि थोड्याच वर्षांनी त्याच गरांगच्या बंडखोर सैन्याने सुमारे अडीचशे किलोमीटर खणून झालेल्या कालव्याचे काम बंद पाडले. 1983 साली निमेरींनी दक्षिणेचे तीन तुकडे केले, साऱ्या देशाला शरियत लागू केली, आणि स्वतः केलेला तह स्वतःच्याच हुकुमाने रद्दबातल ठरविला. सत्ता दिली होती; पण तेल व पाणी यांचा धनी खार्टूमच राहिल्यामुळे, दिलेली सत्ता परत घेण्याचा मोह त्याला आवरला नाही.

दुसरी यादवी बावीस वर्षे चालली, आणि तिच्यात युद्ध, दुष्काळ व रोगराई मिळून सुमारे 20 लाख माणसे दगावली असावीत, असा सर्वसाधारण अंदाज आहे. 1989 मध्ये सत्तेवर आलेल्या उमर अल बशीर यांच्या राजवटीला ऑगस्ट 1999 पासून नवा आधार मिळाला: दक्षिणेच्या सरहद्दीवरील विहिरींतून निघालेले तेल सुमारे 1,600 किलोमीटर लांबीच्या नळवाहिनीने तांबड्या समुद्रावरील पोर्ट सुदानपर्यंत जाऊ लागले. या धंद्यात चिनी व मलेशियन कंपन्यांबरोबर 2003 पासून भारताची ओएनजीसी विदेशही 25 टक्क्यांची भागीदार झाली. तेलाने युद्ध पेटविले हे खरे. पण वाटून घेण्याजोगे काही हाती आल्यामुळे तहाची बोलणीही त्यानेच शक्य केली.

केनियाचे जनरल लाझारस सुंबेयवो यांच्या मध्यस्थीने, आणि अमेरिका, ब्रिटन व नॉर्वे यांच्या दडपणाखाली, 20 जुलै 2002 रोजी मचाकोस येथे पहिला मसुदा मान्य झाला. उत्तरेत शरियत राहील, दक्षिण तिच्यापासून मुक्त असेल, सहा वर्षांचा संक्रमणकाळ जाईल, त्या अवधीत एकत्र राहणे हितावह वाटावे असे दोन्ही पक्ष वागतील, आणि अखेरीस दक्षिणेची प्रजा सार्वमताने आपला निर्णय देईल, असे त्याचे सार होते. सप्टेंबर 2003 पासून नैवाशा सरोवराकाठी गरांग आणि उपाध्यक्ष अली उस्मान ताहा समोरासमोर बसले. उभय सैन्ये वेगळी ठेवण्याचे आधी ठरले. जानेवारी 2004 मध्ये संपत्तीची, मे महिन्यात सत्तेची वाटणी झाली. आणि 9 जानेवारी 2005 रोजी नैरोबीत सर्वंकष तहावर सह्या झाल्या.

या तहातील अंकगणित पाहण्यासारखे आहे. मध्यवर्ती सत्तेत बशीर यांच्या पक्षाला 52, गरांग यांच्या पक्षाला 28, उत्तरेच्या इतरांना 14 आणि दक्षिणेच्या इतरांना 6 टक्के जागा. दक्षिणेतील तेलाच्या उत्पन्नातून उत्पादक राज्याला 2 टक्के, आणि उरलेल्याचे दोन सरकारांत समान भाग. ज्या अबिये प्रदेशावर दोघांचाही दावा होता, त्याच्या उत्पन्नाचे 50, 42 आणि दोन-दोन टक्क्यांचे चार, असे सहा हिस्से. इतकी बारीक वाटणी करणाऱ्या त्या मसुद्याने भूगर्भातील संपत्तीचा मालक कोण, हा प्रश्न मात्र हेतुतः बाजूला ठेवला, आणि जुन्या तेलकंत्राटांना हात लावता येणार नाही, असेही मान्य केले.

तहाच्या अंमलाला आरंभीच धक्का बसला. 9 जुलै 2005 रोजी प्रथम उपाध्यक्षपदाची शपथ घेतलेले गरांग त्याच महिन्याच्या 30 तारखेला हेलिकॉप्टर-अपघातात मृत्यू पावले. त्यांच्याइतका एकसंध सुदानचा आग्रह धरणारा दुसरा नेता दक्षिणेत उरला नाही. मालकीचा प्रश्न टाळल्याचा परिणामही लवकरच दिसला: नव्या मंत्रिमंडळात परराष्ट्र खाते दक्षिणेला मिळाले, ऊर्जा खाते बशीर यांच्या पक्षाने आपल्याकडे ठेवले. म्हणजे निम्मे उत्पन्न दक्षिणेचे, पण पिंपे मोजणारा, भाव ठरविणारा आणि हिशेब लिहिणारा खार्टूमचा. सरकारी आकडे आणि कंपन्यांचे आकडे जुळत नाहीत, असे ग्लोबल विटनेस या संस्थेने 2009 साली दाखवून दिले. अबियेची सीमा ठरविणाऱ्या आयोगाचा अहवाल खार्टूमने फेटाळला. मे 2008 मध्ये अबिये गाव जळाले. 2009 साली हेगच्या लवादाने सीमा आखून हेगलिगचे तेलक्षेत्र अबियेबाहेर ठेवले. आणि अबियेसाठी ठरलेले सार्वमत झालेच नाही. शिवाय या तहाची बोलणी दोनच सशस्त्र पक्षांत असल्यामुळे पश्चिमेकडील दार्फुरला त्यांत स्थान नव्हते, आणि तेथे 2003 मध्ये उसळलेले बंड हे त्या वगळण्याचेही एक फळ होते.

जानेवारी 2011 च्या सार्वमतात दक्षिणेच्या 98.83 टक्के मतदारांनी विभक्त होण्याच्या बाजूने कौल दिला, आणि 9 जुलै रोजी दक्षिण सुदान हे नवे राष्ट्र जन्मास आले. सुमारे तीन-चतुर्थांश तेल त्याच्या वाट्याला गेले. नळवाहिनी, शुद्धीकरणाचे कारखाने आणि बंदर उत्तरेकडे राहिले. भाऊवाटणीत शेत एकाला आणि शेतात जाण्याची वाट दुसऱ्याला आली, म्हणजे वहिवाटीचा कज्जा जसा अटळ होतो, तसाच हाही होता. उत्तरेने पिंपामागे 36 डॉलर मागितले, दक्षिणेने एका डॉलरच्या आसपास देऊ केले. जानेवारी 2012 मध्ये जुबाने, म्हणजे दक्षिणेच्या राजधानीतील सरकारने, उत्पादनच थांबविले, एप्रिलमध्ये हेगलिगवर फौज घातली. दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या मध्यस्थीने 27 सप्टेंबर 2012 रोजी जो करार झाला, त्यात वाहतुकीचे दर ठरले आणि साडेतीन वर्षांत सुमारे 3 अब्ज डॉलर उत्तरेला देण्याचे जुबाने कबूल केले.

परंतु वाटणीचे व्यसन नव्या राष्ट्रानेही उचलले. डिसेंबर 2013 मध्ये राष्ट्राध्यक्ष सल्वा कीर आणि पदच्युत उपाध्यक्ष रिएक माचार यांच्या अनुयायांत यादवी जुंपली. ऑगस्ट 2015 चा करार जुलै 2016 मध्ये मोडला. सप्टेंबर 2018 च्या सुधारित कराराने पाच उपाध्यक्ष, 35 मंत्री आणि 550 प्रतिनिधींचे विधिमंडळ निर्माण केले. ज्याच्या हाती बंदुका अधिक त्याला जागा अधिक, असा हिशेब एकदा मान्य झाला की बंदूक हीच उमेदवारी ठरते. कर भरणाऱ्या, गुरे राखणाऱ्या, विस्थापित झालेल्या प्रजेला मात्र त्या गणितात रकानाच उरत नाही. उत्तरेतही एप्रिल 2019 मध्ये बशीर पदच्युत झाल्यावर दोन सेनापतींनी सत्ता वाटून घेतली, आणि एप्रिल 2023 मध्ये ते एकमेकांवर तुटून पडले. त्या युद्धात 2024 च्या आरंभी नळवाहिनी नादुरुस्त होऊन जुबाची तिजोरीही कोरडी पडली.

नैवाशाची टक्केवारी अन्यायाची होती, असे म्हणता येणार नाही. तिने निदान सहा वर्षे मोठे युद्ध थोपविले आणि सार्वमताचे वचन पाळून घेतले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. तिची उणीव अन्यत्र होती. उत्पन्नाचे भाग पाडणे हे वाटणीचे निम्मे काम. उत्पन्न मोजण्याचा, त्याची वही उघडून पाहण्याचा आणि ती खोटी आढळल्यास दाद मागण्याचा अधिकार कोणाला, हे ठरविणे उरलेले निम्मे. ते सुदानमध्ये एकदाही पूर्ण झाले नाही, कारण वही उघडी ठेवणे खार्टूमच्या सोयीचे नव्हते आणि पुढे जुबाच्याही नव्हते. यापुढे त्या भूमीत तहाची बोलणी होतील तेव्हा कोणत्या सेनापतीला किती खुर्च्या, हा प्रश्न शेवटी आणि तेलाचा हिशेब प्रजेपुढे कोण मांडणार, हा प्रश्न आधी घेतला गेला, तरच त्या तहाला आजवरच्या तहांपेक्षा अधिक आयुष्य लाभण्याची आशा धरता येईल.