पेटीतलं हृदय आणि त्याच्या धमन्यांचं अस्तर

अवयवदानाची बातमी आपण ऐकतो. रस्ता मोकळा केला, रुग्णवाहिका धावली, हृदय वेळेत पोचलं. पण त्या पेटीत हृदय जपतात कसं? आणि एवढी घाई कशासाठी? आज तेच समजून घेऊ.

हृदय काढताना त्याचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून आधी त्याच्या धमन्यांमधून थंडगार औषधी द्रावण सोडतात आणि ठोके थांबवतात. मग द्रावणात बुडवून, निर्जंतुक पिशव्यांत घालून ते बर्फाच्या पेटीत ठेवतात. बर्फ थेट लागू देत नाहीत, कारण गोठलं तर पेशी खराब होतात. थंड आणि शांत हृदयाची भूक कमी होते, पण पूर्ण थांबत नाही. म्हणून साधारण चार तासांत त्याला नव्या शरीरात रक्त मिळावं, अशी धडपड असते.

ठोके थांबवण्याचं काम मुख्यतः पोटॅशिअम करतं. आपल्या रक्तात ते लिटरला साडेतीन ते पाच एकक असतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात 1980 नंतरच्या दशकात तयार झालेल्या एका प्रसिद्ध द्रावणात ते सुमारे 125 आहे! हृदयाचा स्नायू त्यानं शांत राहतो. पण हृदय म्हणजे नुसता स्नायू नव्हे. त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्याही जपायला हव्यात.

या धमन्यांना आतून पेशींच्या एका थराचं नाजूक अस्तर असतं. ब्लाउजचं अस्तर नुसतं आत बसतं, हे अस्तर मात्र सतत काम करतं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. त्यामुळे धमनी सैल होते, गरजेप्रमाणे रुंदावते आणि आत रक्ताच्या गुठळ्या धरत नाहीत. हा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 1998 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

आता अडचण बघा. धमन्यांवर प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगांत दिसलं, की फार जास्त पोटॅशिअममुळे धमनी आवळते आणि अस्तराची तिला सैल करण्याची ताकद कमी होते. द्रावणात जास्त वेळ गेला, तर इजा वाढते. मग हृदय बसवल्यावर ते धडधडू लागलं, तरी धमन्या नीट रुंदावत नाहीत आणि स्नायूला रक्त कमी पडू शकतं.

म्हणून कमी पोटॅशिअमची द्रावणंही तयार झाली. काहींत ते फक्त दहा ते पंधरा एकक असतं. त्यांत आम्लता रोखणारे आणि पेशींची सूज टाळणारे पदार्थही घालतात. सगळ्यांत चांगलं द्रावण कोणतं, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. काही ठिकाणी बर्फाऐवजी यंत्रातून हृदयाला कोमट रक्त देत नेण्याची पद्धतही सुरू झाली आहे.

अस्तराची काळजी पुढेही घ्यावी लागते. बसवलेल्या हृदयाच्या धमन्या काही वर्षांत आतून अरुंद होऊ शकतात. शरीर परक्या अवयवाला विरोध करतं, हे त्याचं मोठं कारण. सुरुवातीला झालेली इजा त्यात भर घालते. शिवाय या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात. त्यामुळे छातीत दुखण्याची खूण बऱ्याचदा मिळतच नाही. म्हणून 'मला काही होत नाही' म्हणत तपासणी टाळायची नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत.

आणि आपलं काम काय? आपल्याकडे 1994 च्या कायद्यानं मेंदूमृत्यूनंतर अवयवदान करता येतं. चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करतं, मग नातेवाइकांची संमती घेतात. त्या दुःखाच्या क्षणी घरच्यांना काही सुचत नाही. 'तिला काय हवं होतं?' हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून आपली इच्छा, होय असो की नाही, आजच घरात सांगून ठेवा. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.