सोने, चांदी, नाणी आणि कर : पक्के बिल कशासाठी?

सराफाकडे गेलेला आपला व्यापारी भाव विचारतो, वजन पाहतो, घासाघीसही करतो. पण बिलावरची कराची ओळ वाचत नाही. आम्ही कापडाचे व्यापारी, सराफी हा आमचा धंदा नव्हे. तरीही या एका ओळीने आम्हाला धडा शिकविला, म्हणून हा विषय व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडत आहोत.

प्रथम दर पाहू. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2005 रोजी जुन्या विक्रीकराच्या जागी व्हॅट आला. त्यात सोन्या-चांदीवर बराच काळ 1 टक्का कर होता. 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाला आणि सोने, चांदी, दागिने व सोन्या-चांदीची नाणी यांवर 3 टक्के कर बसला. खरेदी राज्यातच झाली तर दीड टक्का केंद्राला व दीड टक्का राज्याला जातो. सप्टेंबर 2025 मध्ये अनेक वस्तूंचे दर बदलले, तरी हा दर कायम राहिला. तयार दागिना घेतल्यास धातूची किंमत आणि घडणावळ यांच्या बेरजेवर 3 टक्के लागतात.

जुना दागिना मोडून नवा घेताना अनेकांचा गैरसमज होतो. समजा, नवा दागिना 1,00,000 रुपयांचा आहे आणि मोडीचे 70,000 आले. रोख फरक 30,000 द्यायचा, म्हणून कर 900 रुपये, असे गिऱ्हाईक धरून चालते. प्रत्यक्षात कर नव्या दागिन्याच्या पूर्ण किंमतीवर, म्हणजे 3,000 रुपये होतो. मात्र घरातील जुना दागिना विकणाऱ्या सामान्य माणसावर जीएसटीची जबाबदारी नाही, कारण तो त्याचा धंदा नव्हे.

आता आमची चूक सांगतो. 2018 च्या दिवाळीत आम्ही ठोक गिऱ्हाईकांना भेट देण्यासाठी 60,000 रुपयांची चांदीची नाणी घेतली. बिल पक्के होते, 1,800 रुपये कर भरला होता. मुनीमजींनी ते 1,800 कापडाच्या करातून वजा केले. पुढे तपासणीत ही नोंद निघाली आणि रक्कम 18 टक्के व्याजासह भरावी लागली. नियम असा की, भेट म्हणून वा फुकट नमुना म्हणून दिलेल्या मालावरील कराची वजावट मिळत नाही. घरच्या वापरासाठी घेतलेल्या सोन्यालाही ती नाही. दुकानाच्या नावे बिल केले म्हणून खरेदी धंद्याची ठरत नाही.

वजावट मिळते ती धातू पुन्हा विकणाऱ्या किंवा त्यातून माल घडवून विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला. त्यासाठी बिलावर दोघांचे जीएसटी क्रमांक हवेत आणि विक्रेत्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखविलेले हवे.

नोंदणीकृत सराफाचे सोने घेऊन मजुरीवर दागिने घडविणाऱ्या कारागिराचा हिशेब वेगळा आहे. त्याची उलाढाल म्हणजे मजुरी, सोन्याची किंमत नव्हे. राज्यातच काम करणाऱ्या अशा कारागिराची एकूण वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी असेल तर मजुरीवर 5 टक्के कर लागतो.

“बिल नको, 3 टक्के वाचवा,” असे सांगणारे बाजारात भेटतात. लाखामागे 3,000 वाचतात खरे. पण उद्या कस कमी निघाला, माल चोरीला गेला किंवा आयकर खात्याने पैसा कोठून आला असे विचारले, तर हातात काय राहते? कच्ची चिठ्ठी तेथे उपयोगी पडत नाही. दोन लाख वा त्याहून अधिक रोख घेण्यास दुकानदाराला कायद्याने मनाई आहे, हेही लक्षात ठेवावे.

म्हणून बांधवांना विनंती की, बिलावर वजन, कस, घडणावळ आणि कर वेगवेगळे लिहून घ्यावेत. खरेदी घरची, भेटीची की विक्रीची, हे त्याच दिवशी मुनीमाला सांगावे. आम्ही ते सांगितले नाही, त्याचीच किंमत मोजली.