तबकडी आणि तिचे वेष्टन

म्हैसूर शहराच्या वायव्येस हेब्बाळ नावाची वसाहत आहे. एका बाजूस तळे, दुसऱ्या बाजूस कारखान्यांच्या रांगा आणि त्यांच्या शेजारी इन्फोसिस कंपनीचे विस्तीर्ण शिक्षणकेंद्र, असे तिचे आजचे रूप आहे. नोकरीचे पहिले धडे घेण्यासाठी देशाच्या सर्व प्रांतांतून तरुण मुलेमुली येथे उतरतात. पुणे, नागपूर, कोल्हापूरकडचीही पुष्कळ असतात. दिवसभराचे काम आटोपले म्हणजे भिन्नभाषी मंडळींचा गप्पांचा समान विषय बहुधा संगीत हाच असतो. आवडत्या गायकाचा नवा संच निघाला, की तो विकत घ्यावा की न घ्यावा, ह्यावर वाद रंगतो.

"सगळी गाणी फोनवर फुकट ऐकायला मिळतात, मग दीड-दोन हजार रुपये कशापायी घालवतोस?" असे एकाने म्हणावे.

"गाणी मिळतात रे, पण साथीला कोण आहे, मैफल कोणत्या साली झाली, हे मला कोण सांगणार? ते सगळे वेष्टनावर छापलेले असते," असे दुसऱ्याने उत्तर द्यावे.

"म्हणजे तू पुठ्ठ्याचे पैसे देणार!" असे तिसऱ्याने हसून म्हणावे.

हा वाद वाटतो तितका पोरकट नाही. गाणे हवेत विरणारे असते. त्याला धरून ठेवणारी तबकडी निघाली, त्या दिवसापासून तिच्यासोबत तिच्या वेष्टनाचाही इतिहास सुरू झाला. विशेष म्हणजे, ज्या म्हैसूर नगरीत हा वाद आज चालतो, तिचा ह्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे.

नाव सांगणारा आवाज

भारतात व्यापारी हेतूने ध्वनिमुद्रण झाले ते १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यास. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग यांनी त्या वेळी ज्या गायिकांचे आवाज टिपले, त्यांत गौहरजान ह्या अग्रगण्य होत्या. गाणे संपताच त्या आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारीत. आज ते ऐकताना गंमत वाटते. परंतु त्यामागे व्यवहार होता. मुद्रण येथे होई आणि तबकड्या छापल्या जात त्या जर्मनीत, हॅनोव्हर येथे. तेथील कारागिरांस आपली भाषाही ठाऊक नव्हती आणि आपले गायकही. कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवावयाचे, हे त्यांस कळावे म्हणून गायकानेच ते गाण्याच्या शेवटी सांगावे, अशी रीत पडली. वेष्टनाचे काम तेव्हा आवाजालाच करावे लागले!

ह्याच गौहरजान यांस १९२८ मध्ये म्हैसूरच्या दरबारी आश्रय मिळाला आणि १९३० च्या जानेवारीत म्हैसूर येथेच त्यांचे निधन झाले. मैफलीतील त्यांचे वैभव त्यांच्याबरोबर गेले. मागे उरल्या त्या तबकड्या, आणि शेवटी उमटणारे ते नाव.

त्या काळच्या तबकडीचे वेष्टन अगदी साधे असे. जाड तपकिरी कागदाचे पाकीट आणि मध्ये एक वर्तुळाकार खिडकी. त्या खिडकीतून तबकडीवरील गोल चिठ्ठी दिसे व तीवरील गायकाचे नाव, रागाचे नाव आणि क्रमांक वाचता येई. पाकिटावर बहुधा कंपनीची किंवा दुकानदाराची जाहिरात असे. कर्ण्यापुढे बसून धन्याचा आवाज ऐकणारा कुत्रा हे चित्र फ्रान्सिस बॅरॉ ह्या इंग्रज चित्रकाराचे. ते कंपनीने १८९९ मध्ये विकत घेतले आणि पुढे ते भारतातील खेड्यापाड्यांतल्या मुलांच्याही ओळखीचे झाले. अक्षरओळख नसलेला गिऱ्हाईकही त्या चित्रावरून माल ओळखी.

'आल्बम' हा शब्द कोठून आला?

आज आपण कोणत्याही गीतसंचास आल्बम म्हणतो. मूळचा आल्बम मात्र छायाचित्रांच्या वहीसारखी खरीखुरी वही होती. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन ते साडेचार मिनिटांपेक्षा अधिक संगीत मावत नसे. अर्ध्या तासाची एखादी पाश्चात्त्य रचना मुद्रित करावयाची, तर चार मोठ्या तबकड्यांच्या आठ बाजू खर्ची पडत. ह्या तबकड्या एकमेकींपासून ताटातूट होऊ नये म्हणून जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत, पानांऐवजी पाकिटे घालून, एकत्र ठेवीत. ह्या ठेवणीलाच आल्बम म्हणत.

अशा आल्बमाच्या इतिहासात म्हैसूरचे नाव ठळकपणे येते. म्हैसूरचे अखेरचे राज्यकर्ते महाराज जयचामराजेंद्र वडियार हे स्वतः पियानो शिकलेले होते. कर्नाटक संगीतात त्यांनी ९४ कृती रचल्या. रशियात जन्मलेला आणि लंडनमध्ये हलाखीत दिवस काढणारा निकोलाय मेट्नर हा त्यांचा आवडता रचनाकार. त्याचे संगीत विस्मृतीत जाऊ नये ह्यासाठी महाराजांनी द्रव्यसाहाय्य दिले. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'मेट्नर सोसायटी'च्या नावाने त्याच्या रचनांचे तीन खंड ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने निघाले. त्यांत पियानोवर स्वतः मेट्नर होता. त्याने आपला तिसरा पियानो-कन्चेर्तो महाराजांस अर्पण केला. १९५१ मध्ये तो निवर्तला. एका चाहत्याची आवड वेळेवर उभी राहिली नसती, तर त्या वृद्ध कलावंताचे वादन बव्हंशी त्याच्याबरोबरच लोपले असते.

महाराजांची गोष्ट निराळी, असे कोणी म्हणेल. पण त्या काळी इंग्लंडात सामान्य रसिकही हेच करीत. कमी खपाच्या संगीतासाठी आगाऊ वर्गणीदारांची मंडळे स्थापन होत आणि पुरेसे वर्गणीदार जमले म्हणजेच कंपनी मुद्रण हाती घेई. चाहत्याने विकत घेणे ही केवळ हौस नव्हे. पुष्कळदा तीच त्या कलेची शिदोरी असते, हा ह्यातील बोध आहे.

मराठी घरातील तबकडी

म्हैसूर दरबारी ज्यांचा गौरव झाला, त्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेस घर केले होते. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना सांधणारे असे हे व्यक्तिमत्त्व. त्यांनी गायिलेल्या झिंझोटीच्या ठुमरीची तबकडी गदगकडील एका शाळकरी मुलाने दुकानात वाजताना ऐकली आणि असे गाणे आपणास यावे, ह्या ध्यासाने अकराव्या वर्षी घर सोडले. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. साडेतीन मिनिटांच्या तबकडीचे सामर्थ्य ह्याहून अधिक काय वर्णावे?

आपल्याकडे ध्वनिमुद्रिकेचा प्रसार केला तो प्रामुख्याने नाट्यपदांनी. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत अर्धा-अर्धा तास चालणारे बालगंधर्वांचे पद तबकडीसाठी तीन मिनिटांत आटोपशीर करावे लागे. तरीही ज्यांना नाटकास जाणे शक्य नव्हते, त्यांच्या घरी बालगंधर्व ह्याच वाटेने पोहोचले.

त्यानंतर आले 'गीतरामायण'. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ ह्या वर्षात ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात प्रसारित झाली. भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५७ मध्ये त्यांचे पुस्तक काढले. पुढे ध्वनिमुद्रिकांचा संचही निघाला. येथे चोखंदळ ग्राहकाने ध्यानात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. आकाशवाणीवर ही गीते माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर अशा अनेक गायकांनी गायिली होती. ध्वनिमुद्रिकांच्या संचात मात्र ती एकट्या फडके यांच्या स्वरात आहेत. वेष्टन न वाचता विकत घेणाऱ्याची अपेक्षा एक आणि हाती येणारी वस्तू दुसरी, असे होऊ शकते.

चिठ्ठीवर नसलेले नाव

वेष्टनावर काय छापले आहे, ह्याला महत्त्व का द्यावे, ह्याचे उत्तर १९४९ सालच्या 'महल' चित्रपटाने दिले आहे. त्यातील एक गीत देशभर गाजले. परंतु तबकडीवर गायिकेचे नाव म्हणून छापले होते 'कामिनी', म्हणजे पडद्यावरील पात्राचे नाव! ही कामिनी कोण, अशी श्रोत्यांनी पृच्छा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आले. गाणाऱ्याचे श्रेय गाणाऱ्यास मिळाले, त्यात श्रोत्यांच्या आग्रहाचा वाटा होता.

परंतु असा आग्रह सर्वांच्या वाट्याला येत नाही. जुन्या तबकड्यांवर गायकाचे नाव असे. सारंगी कोणाची, पेटी कोणाची, हे बहुधा नसेच. किती निष्णात साथीदार अशा रीतीने अनामिक राहिले असतील! १९४८ मध्ये अमेरिकेत दीर्घकाल वाजणारी प्लास्टिकची तबकडी निघाली. एका बाजूस सुमारे वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागले आणि तिच्या रक्षणासाठी फूटभर लांबीरुंदीचे पुठ्ठ्याचे पाकीट आले. पुढच्या बाजूस चित्र आणि मागच्या बाजूस रागाचा परिचय, घराण्याची माहिती व साथीदारांची नावे, अशी पद्धत रूढ झाली. हा मागचा मजकूर वाचूनच अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांनी संगीताचे प्राथमिक ज्ञान मिळविले. पुढे कॅसेट आली, तेव्हा हीच माहिती चार बोटांच्या चिठोऱ्यावर आक्रसली. आणि फोनवरील गाण्यात तर ती पुष्कळदा शोधूनही सापडत नाही. हेब्बाळच्या त्या दुसऱ्या मित्राची तक्रार म्हणूनच रास्त आहे.

विकत घेताना आणि जपताना

नवा संच घेताना केवळ वेष्टनाच्या झगमगाटास भुलू नये. साथीदार, मुद्रणाचे वर्ष व स्थळ, गीतकार आणि संगीतकार यांची नोंद आहे काय, हे प्रथम पाहावे. जुनीच गाणी नव्या पेटीत घालून दामदुप्पट किमतीस विकली जात नाहीत ना, ह्याचीही शहानिशा करावी. चार मित्रांनी मिळून एक संच घेतला आणि तो एकत्र बसून ऐकला, तर खर्चही विभागतो आणि आनंद वाढतो.

घरी आजोबांच्या वेळच्या तबकड्या असतील, तर त्यांची निगा राखणे हे मोठे काम नाही. ७८ फेऱ्यांच्या काळ्या तबकडीत लाख असते. ती ठिसूळ असते आणि हातून पडली की फुटते. तिला स्पिरिट कधीही लावू नये, कारण मद्यार्कात लाख विरघळते. मऊ कोरड्या फडक्याने खोबणीच्या दिशेने धूळ पुसावी. प्लास्टिकच्या तबकडीस उन्हाची झळ लागली तर ती वाकते. कोणत्याही तबकड्या एकावर एक रचून ठेवू नयेत. पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. पावसाळ्यात कागदी पाकिटास बुरशी धरते, म्हणून कपाट भिंतीपासून थोडे दूर आणि कोरडे असावे. पाकीट फाटले तरी ते टाकून देऊ नये. त्यावरील दुकानाचा शिक्का, कोणाच्या तरी हस्ताक्षरातील तारीख, भेट देणाऱ्याचे नाव, ह्यांत त्या कुटुंबाचाच इतिहास असतो. तबकडीचा क्रमांक आणि चिठ्ठीवरील मजकूर एका वहीत उतरवून ठेवला, तर ती वही उद्याच्या अभ्यासकासही उपयोगी पडेल.

वेष्टनाचा सर्वांत दूरवर गेलेला नमुना सांगून हे विवेचन पुरे करू. १९७७ मध्ये अमेरिकेने 'व्हॉयेजर' ही दोन याने अंतराळात सोडली. त्यांतील प्रत्येकात मानवजातीच्या संगीताची एक सोनेरी तबकडी आहे आणि तीवर गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी आहे. ही तबकडी ॲल्युमिनियमच्या वेष्टनात ठेवलेली असून ती कशी वाजवावी, हे त्या वेष्टनावर आकृत्यांनी कोरले आहे. तिच्यासोबत सुईही ठेवलेली आहे. कारण ती ज्याला कधी काळी सापडेल, त्याला आपली भाषा येणार नाही, हे पाठविणाऱ्यांनी जाणले होते. हॅनोव्हरच्या कारागिरास आपले नाव कळावे म्हणून गौहरजान यांनी जे केले, तेच येथे ताऱ्यांच्या प्रवासासाठी केले गेले.

आपल्या घरातील तबकडी काही इतक्या दूर जावयाची नाही. तिला फक्त पुढच्या पिढीपर्यंत पोहोचावयाचे आहे. तेथे पोहोचल्यावर हे कोण गात आहे, साथीला कोण आहे, असे एखाद्या मुलाने विचारले, तर उत्तर हाताशी असावे. त्यासाठी पुठ्ठ्याच्या एका पाकिटाचे पैसे मोजावे लागले, तर ते वाया गेले असे कोणीही समजू नये.