नांगी भरण्याआधी कुंडी तपासा



शेतात बी उगवले नाही किंवा रोप मेले, तर आपण नांगी भरतो. गच्चीवरच्या बागेतही हे काम असतेच. फरक इतकाच, की कुंडीतली माती वीतभर. पहिले रोप का गेले हे न पाहता त्याच मातीत दुसरे लावले, तर तेही त्याच वाटेने जाते. रोपाचे पैसे जातात आणि हंगामही जातो.

भोपाळच्या बरखेडा वसाहतीचे उदाहरण घ्या. ही वसाहत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यामुळे वसली. त्या कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी ६ नोव्हेंबर १९६० रोजी केले. भोपाळला मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. माती आपल्या विदर्भासारखी काळी. शेतात ती ओल धरते म्हणून चांगली. पण नुसती काळी माती कुंडीत भरली, तर उन्हात भेगाळते आणि पावसात चिकट होऊन मुळांचा श्वास कोंडते.

रोप सुकू लागले की आधी मातीत बोट घाला. माती ओली असून रोप मान टाकत असेल, तर आणखी पाणी घालू नका. कुंडी आडवी करून मुळे पाहा.

१) मुळे काळपट, मऊ व कुजकट वासाची असतील, तर पाणी साचले आहे. तळाचे भोक मोकळे करा. माती, कुजलेले शेणखत व जाडी वाळू समभाग मिसळून कुंडी पुन्हा भरा.

२) मुळांवर गाठी असतील, तर सूत्रकृमी आहेत. (गवार, चवळी यांच्या मुळांवरच्या सहज सुटणाऱ्या लहान गाठी उपकारक असतात, त्यांना भिऊ नका.) अशी माती उन्हाळ्यात ओली करून, पातळ पसरून, पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवा. नंतर झेंडू लावा. टोमॅटो, वांगी, भेंडी तिथे लगेच नकोत.

३) हिरवेगार टोमॅटो, वांगे वा मिरची एकाएकी कोमेजली, तर बुंध्याजवळचा दोन इंचांचा तुकडा कापून काचेच्या पेल्यात पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत दुधासारखे पांढरे धागे खाली उतरले, तर तो जिवाणूजन्य मर रोग समजावा. रोप उपटून जाळा. ती माती दुसऱ्या कुंडीत किंवा शेतात टाकू नका. कुंडी व खुरपे साबणाने धुऊन उन्हात वाळवा. नवी माती भरली तरी पहिल्या वर्षी तिथे कांदा किंवा मका घ्यावा. शेतात आपण बेवड पाहतो. कुंडीलाही बेवड असतो.

नवे रोप भर उन्हाळ्यात लावू नये. एक-दोन चांगले पाऊस झाले, की संध्याकाळी लावावे. मुळांभोवतीची माती फुटू देऊ नये. पहिले पाच-सहा दिवस सावली द्यावी.

आणि एक आरोग्याची गोष्ट. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ती घासून काढा. डेंगीचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

मेलेले रोप फेकण्याआधी त्याची मुळे पाहण्याची सवय लावा. पाच मिनिटांचे काम आहे. पुढची रोपे वाचतील.