पिल्लू किती आठवड्यांचं आहे?

घरी कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं की आधी खरेदी सुरू होते: गादी, वाडगा, पट्टा, चेंडू. नाव काय ठेवायचं यावरून मुलांची भांडणंही होऊन जातात. पण या सगळ्याच्या आधी विचारायला हवं, ते पिल्लू नेमकं किती आठवड्यांचं आहे? त्याचा मेंदू आणि त्याची प्रतिकारशक्ती कुठल्या टप्प्यावर आहे हे त्यावरून कळतं आणि घराची तयारीही त्याच हिशेबानं करावी लागते.

अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वर्तनावर वर्षानुवर्षं काम केलं. तिथलाच एक प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातीची पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात आईसोबत वाढवली होती. अन्नपाणी कुंपणातूनच आत सरकवलं जाई, माणसाचा सहवास त्यांना मिळत नसे. मग वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांना एकेक आठवडा माणसांत आणलं, हाताळलं, खेळवलं आणि परत मैदानात सोडलं. सातव्या आठवड्याच्या सुमारास ज्यांची माणसांशी ओळख झाली, ती पुढेही माणसांत सहज रुळली. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना कुणाचाच हात लागला नव्हता, ती मात्र माणूस दिसताच रानातल्या जनावरासारखी बिथरत.

साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लाचं कुतूहल भीतीवर मात करतं. या काळात ज्यांची चांगली ओळख होते ती माणसं, ते आवाज, त्या वस्तू त्याला पुढेही ओळखीच्या वाटतात. नंतर नव्या गोष्टीची आधी भीतीच वाटते. ती घालवता येते, पण फार कष्टानं.

म्हणून पिल्लू लवकरात लवकर आणावं का? तर तेही नाही. भावंडांशी खेळताना एखाद्यानं जोरात चावा घेतला की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. दातांचा जोर किती लावायचा हे पिल्लू अशा खेळातून शिकतं. आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. तरीही महिन्याभराची पिल्लं सर्रास विकली जातात, याचं वाईट वाटतं. अशा विक्रेत्याकडून पिल्लू घेऊच नये.

आता प्रतिकारशक्तीचं पाहू. आईच्या चिकातून पिल्लाला तयार प्रतिपिंडं मिळतात. ती रोगाशी लढतात, पण लसीतल्या विषाणूलाही निकामी करून टाकतात. सहाव्या ते सोळाव्या आठवड्याच्या दरम्यान ती कमी होत जातात, प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी. मध्येच असे काही दिवस येतात, की उरलेली प्रतिपिंडं लस निष्प्रभ करण्याइतकी असतात, पण रस्त्यावरच्या पार्व्हो विषाणूला अडवण्याइतकी नसतात. हे दिवस नेमके कोणते ते बाहेरून दिसत नाही, म्हणून तर तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबता येत नाही. पार्व्हो १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला आणि बघता बघता जगभर पसरला. रक्ताचे जुलाब आणि उलट्या होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकतं. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही. घरात आधी अशा आजारानं एखादं कुत्रं गेलं असेल, तर नवं पिल्लू आणण्याआधी पशुवैद्यांना विचारून क्लोरीनच्या द्रावणानं फरशी धुऊन घ्यावी.

म्हणजे जग दाखवायचे आठवडे आणि जगापासून जपायचे आठवडे एकच. घरोघरी या पेचात पिल्लाला चार महिने दाराआड ठेवलं जातं आणि मग ते रिक्षाच्या आवाजानंही थरथरतं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेनं २००८ मध्येच स्पष्ट सांगितलं, की लसीकरण पूर्ण होण्याची वाट पाहत बसू नका. पहिली लस दिल्यावर आठवडाभरानं, सुरक्षित जागी, ओळखी सुरू करा.

आपल्या सोसायट्यांमध्ये हे सहज जमतं. पिल्लाला कडेवर घेऊन खाली जायचं, जमिनीवर ठेवायचं नाही. भाजीची गाडी, शाळेची बस, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, वॉचमनची शिट्टी, सगळं कडेवरूनच दाखवायचं. घरात कुकर लावला की पिल्लाला आधी दूरच्या खोलीत न्यावं आणि शिट्टी वाजताच दोन दाणे खाऊ द्यावा. मग रोज थोडं जवळ. मिक्सरचंही तसंच. फटाक्यांचे आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून दिवाळीच्या कितीतरी आधी सराव करून घ्यावा. कामाला येणाऱ्या मावशी, आजोबांची काठी, शेजारचं लहान मूल, प्रत्येकाकडे पिल्लानं आपणहून जावं, त्याला ओढून नेऊ नये.

स्वयंपाकघरात मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कांद्या-लसणानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल घरच्या घरी कधीही देऊ नये. कण्हेरीची कुंडी असेल तर ती उचलून वर ठेवा. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरा. नॉर्वेतल्या एका अभ्यासात मोठ्या जातींच्या ज्या पिल्लांना पहिले तीन महिने जिने चढू-उतरू दिले, त्यांच्यात खुब्याच्या सांध्याचा विकार अधिक आढळला.

घरातल्या माणसांची तयारी झोपेपासून सुरू होते. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं. झोपलेल्या आणि जेवणाऱ्या पिल्लाला हात लावायचा नाही, हे मुलांना ते घरी येण्याआधीच सांगून ठेवावं. पहिल्या रात्री ते रडणारच. आईची आणि भावंडांची ऊब अचानक गेलेली असते, त्यामुळे त्याचं अंथरूण आपल्या पलंगाशेजारी टाकलं तर फार बिघडत नाही.

आणि रेबीज. त्याची लस साधारण तीन महिन्यांनंतर दिली जाते, म्हणजे तोवर पिल्लू बिनलसीचंच असतं. दात येताना ते सगळ्यांनाच चावतं, ओरबाडतं, आणि ‘पिल्लूच तर आहे’ म्हणून घरचे सोडून देतात. जखम किरकोळ असली तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.